हरवलेला महिना आणि जपानचे सण

जपानविषयीं आपल्या सुशिक्षित वर्गांत एक समज फार दिवसांपासून रूढ आहे. इ. स. १९०४-०५ च्या युद्धांत जपाननें रशियाचा पराभव केला, तेव्हांपासून तो विशेष दृढ झाला. तो समज असा कीं, जपाननें पश्चिमेकडील विद्या, यंत्रें आणि राज्यपद्धति घेतली खरी, परंतु आपल्या जुन्या चालीरीतींस मात्र यत्किंचितहि धक्का लागूं दिला नाहीं. हें विधान ऐकावयास गोड आहे, व त्यांत सत्याचा अंशहि आहे. तथापि ज्या चालीरीतींच्या बळावर तें केलें जातें, त्या जपानी सणांचाच इतिहास जरा बारकाईनें पाहिला, तर निराळी हकीकत डोळ्यांपुढें येते. जपाननें आपले सण राखले, हें खरें. परंतु ते ज्या पंचांगावर उभे होते तें पंचांग जपाननें एका फर्मानासरशी टाकून दिलें, आणि त्याची किंमत घरोघरच्या सणांनीं पिढ्यान्‌पिढ्या दिली. ती किंमत कोणती, आणि ती देऊनहि उरलें काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जुन्या पंचांगाची रचना पाहूं. ती समजण्यास मराठी वाचकांस मुळींच अडचण पडूं नये, कारण तिचें तत्त्व आपल्या पंचांगाच्या तत्त्वाशीं सख्ख्या भावासारखें जुळतें. महिना चंद्राचा. अमावास्येचा दिवस हा महिन्याचा पहिला दिवस, म्हणून पंधरावा दिवस पौर्णिमेच्या आसपास येई. अशा बारा महिन्यांचे सुमारें ३५४ दिवस होतात व सौर वर्षाशीं सुमारें ११ दिवसांचें अंतर पडतें. तें भरून काढण्यासाठीं १९ वर्षांत ७ अधिक महिने धरीत. अधिक महिना कोणता मानावयाचा, याचा नियमहि ओळखीचा आहे. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे २४ भाग कल्पून त्यांतील एकाआड एक बारा भागांच्या आरंभास प्रमुख मानीत, आणि ज्या चांद्रमासांत असा एकहि आरंभ येत नसे तो अधिक. आपल्याकडे ज्या महिन्यांत संक्रांति नाहीं तो अधिक, त्यांतलाच हा प्रकार. भेद एवढाच कीं, जपानी गणना सायन होती, म्हणजे ती अयनबिंदूंस व प्रत्यक्ष ऋतूंस धरून चाले.

हें पंचांग मूळचें चीनचें. इ. स. ८६२ त स्वीकारलेली एक चिनी गणनापद्धति जपाननें ८०० वर्षांहून अधिक काळ जशीच्या तशी चालविली. तिच्यांतील चुका सांचत गेल्या, तेव्हां शिबुकावा शुनकाई या ज्योतिषानें स्वतः वेध घेऊन नवें गणित बसविलें, आणि तें १६८५ पासून लागूं झालें. चिनी पंचांगांत वर्षाचे पांच-पांच दिवसांचे ७२ सूक्ष्म ऋतु वर्णिलेले असत. तेहि शुनकाईनें जपानच्या हवामानास व पशुपक्ष्यांस अनुसरून सुधारले. म्हणजे उसनें घेतलेलें पंचांग या देशानें आपल्या मातीशीं जुळवून घेतलें होतें. ही गोष्ट ध्यानांत ठेविली, म्हणजे पुढें काय गमावलें तें कळेल.

या पंचांगाच्या खुंट्यांवर वर्षाचे पांच मुख्य सण टांगलेले होते, आणि एडो येथील शोगुनांच्या राजवटींत त्यांस दरबारी मान्यता होती. पहिल्या महिन्याच्या सातव्या दिवशीं सात कोंवळ्या पाल्यांची पेज खाण्याचा सण. तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेस पीचच्या फुलांचा व बाहुल्यांचा, मुलींचा सण. पांचव्या महिन्याच्या पंचमीस वेखंडाच्या पात्यांचा, मुलग्यांचा सण. या वेखंडाचें जपानी नांव व क्षात्रवृत्तीची चाड दाखविणारा शब्द यांचा उच्चार एकच, म्हणून सामुराई घराण्यांत त्याचें महत्त्व वाढलें. सातव्या महिन्याच्या सप्तमीस तनाबाता, म्हणजे आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट होऊन राहिलेल्या दोन ताऱ्यांच्या वार्षिक भेटीची रात्र. हे तारे म्हणजे आपले अभिजित्‌ व श्रवण. आणि नवव्या महिन्याच्या नवमीस शेवंतीचा सण. दिवसाचा आंकडा, चंद्राची कला, बागेंतील फूल व ताटांतील पदार्थ हीं चारहि एकमेकांशीं बांधलेलीं होतीं. अधिक महिन्यामुळें सण पुढेंमागें होई, परंतु फुलाची व त्याची गांठ सहसा चुकत नसे.

आतां फर्मानाकडे वळूं. मेइजी बादशहाच्या कारकीर्दीचें पांचवें वर्ष चालू होतें. इवाकुरा यांच्या नेतृत्वाखालीं राज्यांतील अनेक कर्ते पुरुष परदेशच्या दौऱ्यावर गेले होते व मागें राहिलेले मंत्री कारभार पाहत होते. ता. ९ डिसेंबर १८७२ रोजीं या मंत्रिमंडळानें जाहीर केलें कीं, जुन्या गणनेप्रमाणें बाराव्या महिन्याचा जो तिसरा दिवस, तोच नव्या सौर पंचांगाप्रमाणें १ जानेवारी १८७३ समजावा. लोकांस मिळालेली मुदत होती अवघ्या २३ दिवसांची. त्या वर्षाचा बारावा महिना दोनच दिवसांचा झाला. बाकीचा महिना हिशेबांतून नाहींसा झाला.

एवढी घाई कां? पश्चिमेकडील राष्ट्रांशीं तह, व्यापार व पत्रव्यवहार सुरू झाला होता आणि दोन गणनांचा घोळ रोज नडत होता, हें कारण खरेंच आहे. परंतु दुसरेंहि एक कारण होतें, आणि तें ओकुमा शिगेनोबु या तत्कालीन मंत्र्यानेंच पुढें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. सरकारी नोकरांस आतां दरमहा पगार द्यावा लागे. येणाऱ्या वर्षांत अधिक महिना पडत होता, म्हणजे तेरा पगार. सरकारची तिजोरी रिकामी. नवें पंचांग आणलें कीं तेरावा महिना टळला. आणि चालू वर्षाचा बारावा महिना दोनच दिवसांचा, तेव्हां त्याचाहि पगार वांचला. एका राष्ट्राच्या कालगणनेचें स्थित्यंतर पगारपत्रकाच्या चिंतेनें लवकर घडून आलें, हें वाचून हंसूं येईल. पण इतिहासांत उदात्त हेतु व पैशाची निकड हीं पुष्कळदां एकाच गाडींत बसून येतात.

फर्मान घाईनें लिहिलें गेलें याची साक्ष त्याच्या मजकुरांतच आहे. दर चार वर्षांनीं एक दिवस वाढवावा, एवढेंच त्यांत सांगितलें होतें. शतकाच्या वर्षांपैकीं ज्यांस ४०० नें भाग जात नाहीं त्यांत तो दिवस वाढवावयाचा नाहीं, हा ग्रेगोरियन गणनेचा प्राणभूत नियम राहूनच गेला. १९०० सालीं चूक उघडी पडणार, म्हणून १८९८ त निराळा हुकूम काढून ती दुरुस्त करावी लागली.

सुशिक्षितांस ही सुधारणा पटली होती. फुकुझावा युकिची या प्रसिद्ध लेखकानें नव्या पंचांगाची बाजू मांडणारी एक छोटी पुस्तिका तांतडीनें लिहून काढली, व तिच्या लाखावर प्रती खपल्या. या बदलाचें ज्यास नवल वाटतें तो अडाणी, असा तिचा एकंदर सूर आहे. फुकुझावांच्या विद्वत्तेविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु येथें ते एक गोष्ट विसरले असें म्हणणें प्राप्त आहे. सूर्याची गणना सोपी व अचूक, हें त्यांचें गणित बरोबर होतें. पण शेतकऱ्याचें किंवा कोळ्याचें पंचांग हें केवळ गणित नव्हतें. चंद्राकडे पाहिलें कीं तिथि कळे, आणि तिथीवरून भरती-ओहोटी कळे. कोंकणांतला कोळी हें आजहि सांगेल. ज्यास हें नवल वाटलें तो अडाणी नव्हता. त्याच्या हातचें एक साधन काढून घेतलें गेलें होतें.

सामान्य व्यवहारांतहि गोंधळ उडाला. जपानी पेठांत उधारीचे हिशेब वर्षांतून दोनदां, म्हणजे पितरांच्या सणास व वर्षअखेरीस, पुरे करण्याची चाल होती. वर्षाच्या शेवटच्या रात्रीं सावकार ऋणकोच्या दारीं बसे आणि ऋणको मागल्या दारानें पसार होई. या रात्रीच्या कथांचें एक सबंध पुस्तकच इहारा साइकाकु यानें १६९२ त लिहिलें आहे. तो वर्षअखेरचा महिना एकाएकीं नाहींसा झाल्यावर देणेंघेणें करणारांची कोण तारांबळ उडाली असेल, याची कल्पना आपल्या दिवाळीच्या वहीपूजनावरून करतां येईल. पुढील वर्षाचीं छापून तयार असलेलीं जुनीं पंचांगें रद्दी झालीं. भाषेचीहि गंमत झाली. महिन्याच्या शेवटच्या रात्रींचा चंद्र म्हणजे जगांत नसलेली गोष्ट, असा एक जुना वाक्प्रचार होता. आतां ३१ तारखेस खुशाल पूर्णचंद्र उगवूं लागला.

सरकार येथेंच थांबलें नाहीं. ता. ४ जानेवारी १८७३ रोजीं ते पांच सण सरकारी दृष्ट्या रद्द झाले, आणि त्यांच्या जागीं जिम्मु या पुराणप्रसिद्ध आद्य बादशहाचा राज्यारोहणदिन व विद्यमान बादशहाचा वाढदिवस असे दोन राष्ट्रीय सण नेमण्यांत आले. राज्यारोहणदिनाची तारीख गणितानें २९ जानेवारी आली. परंतु तोच दिवस जुन्या पंचांगाप्रमाणें वर्षप्रतिपदेचा होता, आणि जुनेंच नववर्ष सरकारनें परत दिलें असें लोक समजूं लागले! तेव्हां सरकारनें पुन्हां गणित करून तो दिवस ११ फेब्रुवारीवर ढकलला. त्या वर्षीं कित्येक प्रांतांत शेतकऱ्यांचे दंगे झाले. नवे कर, सक्तीची लष्करभरती, नव्या शाळा यांविरुद्ध ते होते. पण जुनें पंचांग परत करा, ही मागणीहि कांहीं ठिकाणीं त्या यादींत होती.

आतां सणांचें काय झालें? हुकुमानें सण नाहींसे होत नसतात. घरांत ते चालूच राहिले. परंतु प्रत्येक घरापुढें एक प्रश्न उभा राहिला : सण नेमका कशाशीं बांधलेला आहे, आंकड्याशीं, ऋतूशीं, कीं चंद्राशीं? या प्रश्नास जपानी समाजानें एक उत्तर दिलें नाहीं. तीन दिलीं, आणि तीं तिन्ही आजतागायत शेजारीं शेजारीं नांदत आहेत.

पहिलें उत्तर आंकड्याचें. तिसऱ्या महिन्याची तृतीया म्हणजे ३ मार्च, सातव्याची सप्तमी म्हणजे ७ जुलै. हें सोपें, पण महाग. नवी तारीख जुन्या तिथीहून सरासरीनें महिनाभर अलीकडे येते. ३ मार्चला बाहुल्या मांडल्या जातात, पण बागेंत पीच फुललेला नसतो. मग उबेच्या घरांत फुलविलेल्या फांद्या विकत आणावयाच्या. ७ जानेवारीस पेज शिजते, पण रानांत कोंवळा पाला उगवलेला नसतो. तो लागवड केलेला, पुड्यांत बांधून दुकानांत मिळतो. तनाबाताची कथा तर करुण आहे. ७ जुलैला जपानांत बहुतेक ठिकाणीं पावसाळी झड चालू असते, आणि वर्षांतून एकदांच भेटणारे ते दोन तारे ढगांआड राहतात. जपानच्या राष्ट्रीय वेधशाळेनें २००१ पासून जुन्या गणनेस अनुसरून तनाबाताची रात्र कोणती, हें दरसाल जाहीर करण्याचा क्रम ठेविला आहे. ९ सप्टेंबरला शेवंती उमलत नाहीं. म्हणून तो पांचवा सण लोकजीवनांतून जवळजवळ मावळला.

दुसरें उत्तर ऋतूचें : तारीख नव्या पंचांगाची घ्यावी, पण एक महिना पुढें सरकवून. याचें मोठें उदाहरण म्हणजे ओबोन, पितरांचा सण. या नांवाची व्युत्पत्ति परंपरेनें संस्कृत ‘उल्लंबन’ शब्दापासून सांगतात, आणि त्याची कथाहि भारतीयच आहे : बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन यानें प्रेतयोनींत पडलेल्या आपल्या मातेस भिक्षुसंघास अन्नदान करून सोडविलें. या दिवसांत पितर घरीं येतात. त्यांस लवकर आणण्यासाठीं काकडीस काड्यांचे पाय लावून घोडा करितात, आणि सावकाश परत पाठविण्यासाठीं वांग्याचा बैल. हा सण मूळचा सातव्या महिन्याच्या पौर्णिमेचा. राजधानी टोकियोनें तो १५ जुलैच्या सुमारास धरला. पण खेड्यापाड्यांत जुलै म्हणजे शेतीच्या कामांची गर्दी; तेथें पितरांस जेवूं घालण्यास फुरसत कोणास? म्हणून बहुसंख्य देशानें तो १५ ऑगस्टच्या सुमारास ठेविला. क्योतो शहराभोंवतालच्या पांच डोंगरांवर पितरांना निरोप देणाऱ्या प्रचंड आगट्या पेटतात त्याहि १६ ऑगस्टच्या रात्रीं. एकाच राष्ट्रांत पितर दोन निरनिराळ्या महिन्यांत येऊं लागले, याहून त्या फर्मानाची मर्यादा दाखविणारी गोष्ट कोणती?

तिसरें उत्तर चंद्राचें. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेस तांदुळाचे पांढरे गोळे व गवताचे तुरे मांडून चंद्रदर्शन करण्याचा, आपल्या कोजागिरीची आठवण करून देणारा जो विधि, तो कोणत्याच युक्तीनें नव्या पंचांगांत बसेना. १५ तारखेस पूर्णचंद्र हजर करण्याचा अधिकार कोणत्याहि मंत्रिमंडळास नाहीं. म्हणून तो आजहि जुन्या गणनेनेंच होतो. दक्षिणेकडील ओकिनावा बेटांत ओबोनहि जुन्या तिथीसच पाळतात.

यांखेरीज सणांचा एक वर्ग असा होता कीं, ज्यास या वादळाचा वाराहि लागला नाहीं. ते मुळांतच सूर्यावर बसविलेले होते. वसंतारंभाच्या पूर्वसंध्येस भाजलेले सोयाबीन उधळून घरांतील पिशाच्चें हांकलण्याचा विधि; वसंतारंभापासून ८८ वा दिवस, चहाची कोंवळी पानें खुडण्याचा; २१० वा दिवस, वादळाच्या धास्तीचा; आणि दोन्ही विषुवदिनांच्या आगेंमागें सात दिवस पूर्वजांच्या थडग्यांवर जाण्याची चाल. या सर्वांच्या तारखा नव्या पंचांगांत उलट अधिक स्थिर झाल्या. त्या अद्यापि ज्योतिर्गणितानेंच ठरतात, हें २०२१ सालीं लोकांच्या पुन्हां ध्यानांत आलें; त्या वर्षीं सोयाबीन उधळण्याचा दिवस १८९७ नंतर प्रथमच ३ ऐवजीं २ फेब्रुवारीस आला.

सुधारकांचा दुसरा एक हेतु मात्र साफ फसला, तो येथें सांगितला पाहिजे. पंचांगांतील शुभाशुभ दिवसांची जंत्री ही अंधश्रद्धा आहे, म्हणून ती सरकारनें अधिकृत पंचांगांतून काढून टाकली. जुन्या तिथि सोयीसाठीं कांहीं काळ छापल्या जात, त्याहि १९१० च्या पंचांगापासून गेल्या. परिणाम असा झाला कीं, चोरून छापलेल्या पंचांगांचा धंदा भरभराटीस आला. छापणारे दरसाल नांव-पत्ता बदलीत, म्हणून लोक त्यांस ‘भुताचीं पंचांगें’ म्हणत. बंदी असलेल्या जंत्रीची जागा त्यांत सहा दिवसांच्या एका फलचक्रानें घेतली, आणि पूर्वीं फारसें महत्त्व नसलेलें हें चक्र घरोघरीं पोंचलें. आज विमानें व संगणक बनविणाऱ्या या देशांत लग्नासाठीं त्या चक्रांतील शुभ दिवस पाहतात, आणि त्यांतल्या एका विशिष्ट दिवशीं प्रेतसंस्कार टाळतात. देवघरांतून हांकललेली वस्तु माजघरांत जाऊन बसली, असेंच म्हणावयाचें.

येथवर वाचून, आम्ही जुन्याचे निव्वळ अभिमानी आहों असा कोणाचा ग्रह होईल; तो दूर केला पाहिजे. बदलानें कांहीं लाभहि झाले. मुलग्यांचा सण पूर्वीं पावसाळी झडीच्या तोंडावर येई; आतां ५ मेच्या निरभ्र आकाशांत कापडी मासे वाऱ्यावर पोहतांना दिसतात. ‘पांचव्या महिन्याची उघडीप’ या अर्थाचा एक जुना शब्द झडींतल्या क्षणभर ऊन्हास लावीत. तोच आतां मे महिन्याच्या स्वच्छ हवेस लावतात, आणि नवीन अर्थ कोणास खटकत नाहीं. १९४८ च्या कायद्यानें हाच दिवस ‘बालदिन’ म्हणून राष्ट्रीय सुट्यांत आला. रद्द झालेल्या पांचांपैकीं सरकारदरबारीं परत आलेला हा एकटाच. त्याच कायद्यानें जुन्या लहान नववर्षाचा १५ जानेवारी हा दिवस प्रौढत्वदिन म्हणून ठरला होता. परंतु २००० सालापासून लागोपाठ सुट्या मिळाव्या म्हणून तो महिन्याच्या दुसऱ्या सोमवारीं नेला. एकदां आंकडा सुटा झाला, म्हणजे तो कोठेंहि बसवितां येतो, याचें हें ताजें उदाहरण.

आपल्याकडे काय झालें, हेंहि क्षणभर पाहूं. १९५२ त मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांगसुधारणा समिति नेमली गेली व २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. ती सायन व शास्त्रशुद्ध आहे. पण आपले सण कोणीं तिच्यावर हलविले नाहींत. आपण दोन पंचांगें भिंतीवर शेजारीं शेजारीं ठेविलीं व भांडण टाळलें. मात्र यावरून फुशारकी मारण्याचें कारण नाहीं. आपली मकरसंक्रांति निरयन असल्यामुळें खऱ्या उत्तरायणारंभापासून केव्हांच दूर गेली आहे, व सुमारें ७२ वर्षांस एक दिवस या मानानें आणखी दूर जात आहे. जपाननें जी फारकत एका रात्रींत केली, ती आपण शतकानुशतकें, न कळत करीत आलों आहों. आपणांस ती बोंचत नाहीं, एवढेंच.

तेव्हां जपाननें आपल्या चालीरीति अबाधित राखल्या, हें विधान आम्हांस दुरुस्त करून असें म्हणावेंसें वाटतें कीं, जपानच्या सरकारनें त्या मोडल्या आणि जपानच्या घरांनीं त्या पुन्हां जोडल्या. हा जोड दिसतो. तो लपवितां येत नाहीं. पण फांदी विकत आणून कां होईना, मुलीच्या सणास फुलांवांचून राहूं द्यावयाचें नाहीं, या हट्टांत जें आहे तें पंचांगांत कधींच नव्हतें. १ जानेवारीस जपानी लोक एकमेकांस शुभेच्छापत्रें धाडतात. बाहेर हिंवाळा भर जोरांत असतो, कित्येक प्रांतांत पुरुषभर बर्फ पडलेलें असतें. आणि त्या पत्रांवर अद्यापि ‘नव्या वसंताचें’ स्वागत असा मजकूर असतो. जुनें नववर्ष वसंतारंभाच्या आसपास येई, त्या काळचे हे शब्द आहेत. दीडशें वर्षें झालीं. तारीख हलली, पण शब्द हलले नाहींत. वसंतास यावयास अजून महिना असतो, आणि घरांत त्याचें आगाऊ स्वागत चाललेलें असतें.